बोहनीचा भाव

भिलाईच्या कारखान्यात त्र्याण्णव साली कॉम्प्युटर होते सहा आणि त्यांच्यावर डोळा ठेवून असलेली खाती होती चौदा. कोणाचं काम आधी चालवायचं, हे एकटे श्यामराव ठरवायचे. कॉम्प्युटर विभागाचे ते प्रमुख. टेबलावर रजिस्टर, हातात लाल पेन आणि समोर 'साहेब, आमचं तेवढं बघा' म्हणणाऱ्यांची रीघ. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी. कारखान्याच्याच नंदिनी नगरच्या खाणीवरचा कारकून नरहरी बिचारा फोनवरून विनवायचा; त्याचा नंबर कायम शेवटचा.

विभागात प्रोग्राम लिहिणाऱ्या वसुंधरेला हे बघवत नसे. नरहरीला 'उद्या होईल' असं सांगायचं काम तिच्याच गळ्यात होतं, आणि खोटं बोलून तिची जीभ विटली होती. तिनं एक तोड काढली. सहाही कॉम्प्युटर तारेनं जोडलेले होतेच. आता प्रत्येक कॉम्प्युटरनं आपला भाव आपणच लावायचा. खात्यांना आठवड्याला शंभर-शंभर पॉइंट. परवडेल तिथं काम लावा, नाहीतर थांबा. पॉइंट आपसांत द्या-घ्या. मध्ये साहेब नकोच.

"एक आठवडा देतो," श्यामराव म्हणाले. "शनिवारपर्यंत जमलं नाही, तर रजिस्टर पुन्हा उघडतो. मग याचं नाव काढायचं नाही."

भाव कसा लावायचा, हे वसुंधरेनं कॅम्प-१ वस्तीतल्या भाजीबाजारातून उचललं. तिथं संध्याकाळी भाजीचा भाव उतरतो, म्हणून तिनंही लिहून टाकलं: चार वाजल्यानंतर भाव अर्धा. झालं! खात्यांतले सगळे बाबू त्याच बाजारात घासाघीस करून शहाणे झालेले. सोमवारी दिवसभर कॉम्प्युटर माशा मारत बसले आणि चारला अशी झुंबड उडाली की निम्मी कामं तशीच राहिली. मंगळवारीही तेच. श्यामरावांनी रजिस्टरवरची धूळ झटकली.

त्या दिवशी घरी वसुंधरेला घास उतरेना.

"कावून जेवत नाहीस वं?" तिच्या आईनं, सिंधुताईंनी विचारलं. तिनं सगळं सांगितलं, तर आई हसायलाच लागली. "अवं, भाजीवाली घड्याळ पाहून भाव पाडते काय? समोर गिऱ्हाईक नसलं का पाडते! गर्दी झाली का तीच भाजी महाग. अन् तुई बोहनी कुठं गेली? सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कोणी वापस धाडते काय? मागंल त्या भावात देते त्याले. त्याच्यानंच तं दुकान सुरू होते."

इतकी वर्षं त्या बाजारातून पिशव्या भरून आणल्या, पण शिकलेल्या लेकीला हे दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाजही वाटली आणि हसूही आलं. बुधवारी तिनं प्रोग्राममधून घड्याळ काढून टाकलं. रांग वाढली की भाव वर, रांग आटली की खाली. आणि प्रत्येक कॉम्प्युटरचं दिवसाचं पहिलं काम बोहनीच्या भावात, म्हणजे अर्ध्यात. गुरुवारी नऊच्या ठोक्याला फोन करून पहिली बोहनी केली ती नरहरीनं. दहाला त्याचे कागद छापूनही झाले. त्यानं फोनवर दोनदा विचारलं, "खरंच आमचेच हायेत का ते?"

शनिवारी सकाळी श्यामरावांनाच घाई लागली. दुपारच्या गाडीनं एक अहवाल दिल्लीला जायचा होता, कॉम्प्युटरांपुढं रांग होती, भाव चढलेला होता आणि त्यांच्या विभागाचे पॉइंट शुक्रवारीच संपले होते. सगळ्यांची नजर रजिस्टरकडे गेली. त्यांनी ते नुसतं उघडलं असतं तरी कोणी चूं केलं नसतं.

श्यामरावांनी हात लांब केला आणि फोन उचलला.

"नरहरीजी, तुमच्यापाशी वीस पॉइंट उरले हायेत म्हणे. मले देता काय?"

"देतो ना, साहेब!" नरहरीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "फक्त सोमवारी आमचं काम पहिलं घ्या, म्हंजे झालं."

"घेणारा मी कोण हो?" श्यामराव म्हणाले. "सकाळी लवकर लावजा."