देवाच्या फळीवरची फ्लॉपी

मी एक फ्लॉपी बोलतेय. काळी, चौकोनी, तळहातावर मावणारी. आजच्या पोरांना मी म्हणजे संगणकावरचं 'सेव्ह'चं चित्र वाटते. वाटू दे. एके काळी कपाटाएवढ्या यंत्राची भिस्त माझ्यावर होती.

त्या यंत्राला मेनफ्रेम म्हणतात. बंगळूरच्या एका कंपनीनं वापरून झाल्यावर २००३ साली ते हुबळीच्या विद्यानगरातल्या आमच्या कॉलेजला दिलं. संगणक शिकवणाऱ्या इंदुमतीबाईंनीच हट्टानं मागून घेतलं होतं. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली चढवायची आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना त्यावर प्रोजेक्ट करू द्यायचा, असा शब्द त्या देऊन बसल्या होत्या. बाकीचे शिक्षक त्याला 'बाईंचा हत्ती' म्हणत.

मला कामाला लावलं ते बाईंचा जुना विद्यार्थी अनिश यानं. हुबळीत घरात मराठी आणि दारात कानडी सहज चालतं. पण यंत्राला इतर संगणकांशी जोडणारं नेटवर्क कार्ड आणि लिनक्स यांना एकमेकांचं काही कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिनक्सबरोबर येत नसे. अनिशनं तो इंटरनेटवरून उतरवून माझ्यावर भरला आणि नोकरीवर बंगळूरला परत गेला. बाईंनी मला शिपाई हणमंतकडे दिलं. "हिच्यात यंत्राचा जीव आहे, जपून ठेव," म्हणाल्या.

हणमंतनं जपलं की. खंडेनवमीला कॉलेजातल्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा त्यानं मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. मग पिवळ्या फडक्यात गुंडाळून स्टाफरूममधल्या देवाच्या फळीवर, गणपतीच्या मागं ठेवलं आणि लेकीच्या बाळंतपणाला नवलगुंदला निघून गेला.

इकडे लिनक्स चढवायला घेतलं. पुढचं सगळं काम नेटवर्कवरूनच करायचं होतं, आणि तिथंच गाडं अडलं. 'नेटवर्क कार्ड सापडत नाही.' कार्ड जागच्या जागी होतं, दुभाषा नव्हता. बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. मग खण, कपाटं, स्वतःची पर्ससुद्धा उपसून झाली. हणमंतला विचारावं तर त्याच्याकडं फोन नव्हता. शेवटी अनिशला फोन केला.

"ती फाईल आता इंटरनेटवरून काढून टाकलीय बाई. नवी घातलो तर आपल्या जुन्या लिनक्सला बसत नाही."

प्राचार्यांना यंत्राची खोली हवी होती. शनिवारपर्यंत चाललं नाही तर कमरीपेठेतल्या भंगारवाल्याला बोलावतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

बाई रोज सकाळी त्याच फळीपुढं उदबत्ती लावायच्या. हात जोडून पुटपुटायच्या, "सापडू दे रे बाबा." मी वीतभर अंतरावर, फडक्यात. मला फार वाईट वाटायचं. पण देवाच्या मागं कोण हात घालणार?

शनिवारी टेम्पो दारात आला. त्याच सकाळी नातीचे पेढे घेऊन हणमंत हजर झाला.

"हणमंत, ती फ्लॉपी कुठं ठेवलास रे?"

"हाय की बाई, देवाजवळ ठेवलोय. जीव हाय म्हणालासा न्हवं? मग खणात कसं टाकू?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला काढलं, पदरानं कुंकू पुसलं आणि यंत्राला जोडलेल्या शेजारच्या छोट्या संगणकात घातलं. कुंकू आत गेलं असेल अशी धास्ती मलाही होती. मी कुरकुरले, अडखळले, पण सगळं वाचू दिलं. कार्ड सापडलं. दुपारी पलीकडच्या खोलीतून राणीनं, प्रोजेक्टवाल्या मुलींपैकी एकीनं, टाइप केलेली ओळ पडद्यावर उमटली, 'बाई, आम्ही पोचलो.' बाई खुर्चीत बसून रडल्या. टेम्पो रिकामा गेला.

यंत्र पुढं बरीच वर्षं चाललं. आता ते नाही. बाई निवृत्त होऊन देशपांडे नगरात असतात आणि मी त्यांच्या शिवणाच्या डब्यात. माझ्यावरचं वाचणारं यंत्रच आता घरात राहिलं नाही. तुमच्याकडंही माझ्यासारखी कुणी पडून असेल, तर टाकण्याआधी तिनं काय केलं होतं, एवढं तरी घरात विचारा.

परवा राणी लेकीला घेऊन भेटायला आली होती. लेकीनं मला उचललं आणि विचारलं, "आजी, ही चालते काय?"

बाईंनी मला तिच्या हातून अलगद घेतलं. म्हणाल्या, "लागली तेव्हा चालली गं."