अराबाने प्रवचनात उचललेलं गाणं

या, जरा जवळ सरकून बसा. समुद्राचा आवाज मोठा, आणि माझा गळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. आमच्या अनोमाबो गावच्या चर्चमधली गोष्ट सांगते, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

आमच्याकडे प्रवचन चालू असताना गाणं उठतं. पाद्रीबाबांचं एखादं वाक्य कुणाच्या काळजाला भिडलं, की तो बसल्या जागी सूर लावतो आणि त्या वाक्याला आपले शब्द जोडत जातो. पाद्रीबाबा थांबतात. बाकीचे धृपद उचलतात. उठलेलं गाणं अर्ध्यावर सोडायचं नाही, आणि गाण्यात ज्याचं नाव आलं त्याने गाऊनच जबाब द्यायचा. देवाच्या घरात गायलेला जबाब म्हणजे शपथ. मला प्रवचनातला हाच भाग सगळ्यात गोड लागतो. नुसतं बोलणं असलं की पेंग येते, देव मला क्षमा करो.

जबाबाचा सूर धरण्यात क्वामेना एसिलफीचा हात कुणी धरू शकत नाही. होड्या बांधणारा सुतार, तेव्हा वय छप्पन्न. त्याचा थोरला भाऊ कोबिना त्याआधी दोन वर्षं वारला होता. कंबर दुखते म्हणायचा, होड्या ओढून दुखत असेल म्हणायचा, आणि शेक घ्यायचा. दवाखान्यात नेला तोवर प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, सख्ख्या भावाला धोका जास्त, त्याने रक्त तपासून घ्यावं. क्वामेनाने मान हलवली आणि विसरून गेला. कोबिनाची बायको अराबा मात्र विसरली नाही.

मग एका रविवारी नर्स एकुवाने चर्चमध्ये सांगितलं, पुढच्या रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत पंचेचाळिशीपुढच्या पुरुषांचं रक्त प्रोस्टेटच्या तपासणीला घेणार. झालं, आठवडाभर किनाऱ्यावर दुसरा विषय नाही. मी मासे घ्यायला गेले तेव्हा अराबा दिरासाठी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि मिरचीची चटणी घेऊन आली होती.

"भावोजी, रविवारी थांबणार ना?"

"वहिनी, मला काही होत नाही. लघवीची धार अजून पोरासारखी आहे."

"ह्यांचीही होती."

जाळं विणत बसलेला म्हातारा बेंटसिल मध्येच बोलला, "त्या नर्सचं बोट कुठे जातं ते ऐकलंयस ना, क्वामेना? आधी रीतसर मागणीच्या दारूच्या दोन बाटल्या घरी पाठव म्हणावं, सोयरीक होऊ दे, मग हात लाव."

सगळे हसले, क्वामेनाही.

"दंडातून चमचाभर रक्त घेतात, काका," अराबा म्हणाली. "तुमचा दात काढला तेव्हा याहून जास्त गेलं असेल."

पण क्वामेनाने केंकी खाल्ली आणि रंधा हातात घेतला. यायचं नाही, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

रविवारी पाद्रीबाबा तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रोग्याची कथा सांगत होते. त्याला उचलून न्यायला कुणी नव्हतं, असं ते म्हणाले, आणि चौथ्या बाकावरून अराबाचा सूर उठला.

"माझा माणूस पडून राहिला, माझ्या लोकांनो, मला वाटलं कंबर दुखते. चौघांनी उचलून नेला तेव्हा वेळ निघून गेली होती. क्वामेना, तुझे पाय चालतात, तू चालत ये."

"चालत ये," सगळ्यांनी धृपद उचललं.

क्वामेना पुढच्या बाकाची पाठ धरून उभा होता. आम्ही धृपद पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. पाद्रीबाबा पुस्तक मिटून वाट पाहत राहिले. चौथ्या वेळी क्वामेना गायला, हलक्या आवाजात, "येतो, वहिनी. चालत येतो."

उपासना संपल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला. त्याच्यामागे आणखी अकराजण गेले. शेवटी बेंटसिल, सुई बारीक आहे ना हे दोनदा विचारून.

क्वामेनाच्या रक्तातला आकडा वाढलेला निघाला. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, एकुवा म्हणाली, पण पुढचं बघायला हवं. केप कोस्टच्या दवाखान्यात ग्रंथीचा तुकडा काढून तपासला, तर कॅन्सरच होता. अजून ग्रंथीच्या आतच होता, बाहेर पसरला नव्हता. क्वामेना दोन आठवडे अराबाशी बोलला नाही. "भर सभेत मला बांधून घातलंस," एवढंच एकदा म्हणाला. ती म्हणाली, "हो, घातलं."

अक्राला शस्त्रक्रिया झाली. नंतर चार महिने लघवी आवरत नव्हती. तो लंगोट बांधून चर्चच्या दाराजवळच्या बाकावर बसायचा आणि गायचा नाही. मग हळूहळू पुढे सरकला. आज तीन वर्षं झाली. सहा महिन्यांनी रक्त देऊन येतो आणि आल्यावर निकाल आधी वहिनीला सांगतो.

आता तुम्ही घरी जाल. रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा अराबाचं नाव घ्या. तिचे दोन मुलगे तेमा बंदरात कामाला आहेत, दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. बाप असा गेला म्हणून ती दर शनिवारी त्यांना तपासणीचं विचारायला फोन करते. धाकटा उचलतो. थोरला अजून उचलत नाही.