वरची शिट्टी, खालचा आवाज

रविवारी दुपार कलली की भोजराज इस्त्रीचा सदरा अंगात घालायचा, फडक्यानं बूट पुसायचा आणि "फिरून येतो" एवढं बोलून घराबाहेर पडायचा. पहिल्या दोन-तीन रविवारी त्याच्या बायकोनं, पुष्पलतेनं, लक्ष दिलं नाही. पुढं मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बालाघाटच्या धुळीत फिरायला जाणारा माणूस बूट कशाला पुसेल?

विचारायची सोय नव्हती. भोजराजचं सगळं आयुष्य राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून गेलं होतं. धान भरडणाऱ्या मशीनजवळ उभं राहून राहून कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. आता घरात दोघांचं बोलणं चहा, गोळी, दाराची कडी यांच्यापलीकडे फारसं जात नव्हतं. तेवढं तो हातवाऱ्यांवरून ओळखायचा. गोंदियाला दिलेल्या लेकीनं, नूतननं, कानाचं मशीन आणून दिलं होतं. पण त्यात चमचे, हॉर्न, शेजारच्यांचा टीव्ही असं सगळं एकदमच अंगावर यायचं. दोन दिवसांत त्यानं ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

एकदा पुष्पलता बाजारातून ई-रिक्षानं परत येत होती, तेव्हा तिला तो दिसला. संग्रहालयाच्या फाटकातून ताठ चालीनं आत शिरत होता. फाटकाला कापडी फलक बांधला होता: देश-विदेशचं संगीत, दर रविवारी, प्रवेश मोफत.

"गाणं?" तिच्या तोंडून निघून गेलं. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

बहिरा माणूस गाणं ऐकायला जातो, ही गोष्ट तिला आठवडाभर पुरली. पोळ्या लाटताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. कुणी भेटायला येत असेल का? की नुसता चारचौघांत बसायला जात असेल? पुढच्या रविवारी तो निघाला आणि थोड्या वेळानं तीही मागोमाग निघाली.

संग्रहालयाच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीशी ओळीनं जुन्या दगडी मूर्ती उभ्या होत्या, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. पुष्पलता मागच्या खुर्चीवर पदर सावरून बसली. भोजराज सगळ्यात पुढं, थेट वाद्यांसमोर मांडी घालून बसला होता. त्या दिवशी आसामची मंडळी आली होती. आधी एका पोरीनं बासरी वाजवली. इतकी गोड, की पुष्पलता नवऱ्याला विसरली. भान आलं तेव्हा पाहिलं, तर भोजराज मूर्तींकडे बघत जांभई देत होता. मग ढोल आला, आणि त्याची पाठ सरळ झाली. डोळे मिटले. गुडघ्यावर बोटं पडू लागली, ढोलाच्या बरोबर, एकही ठोका न चुकवता.

पुष्पलतेच्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे ऐकू येतं याला.

परतीच्या रस्त्यावर तिनं त्याला गाठलं. "ढोल ऐकू येते न् मी बोलली त ऐकू येत नाही? इतके साल सोंग करून राह्यले का तुमी?"

त्याला ती अचानक समोर आलेली पाहूनच धक्का बसला होता. तिचे ओठ निरखत तो म्हणाला, "काय?"

तिनं आवाज चढवला. काली पुतली चौकातली माणसं बघायला लागली.

"वरडू नको," तो म्हणाला. "तू बोलते तवा काहीतरी येते मले. चिलटं गुणगुणल्यासारखं. पण त्यात बोल नाही सापडत. वरडली का अजूनच बारीक होते."

"मी चिलट?"

ते मात्र त्याला ओठांवरून कळलं असावं. घरी येईपर्यंत दोघं रस्त्याच्या दोन कडांनी चालले.

राग दोन दिवस टिकला. मग त्याच्या जागी कुतूहल येऊन बसलं, आणि ते रागापेक्षा चिवट निघालं. भोजराज पाठमोरा बसलेला असताना तिनं स्वयंपाकघरात चमचा खाली टाकला. तो हलला नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, काही नाही. मग तिनं तांदळाच्या कोठीचं जड झाकण आपटलं, तसं त्यानं वळून विचारलं, "काय पडलं?" बाहेरून ट्रक गेला की त्याची मान वळायची. दारावरची घंटी वाजली तरी वळायची नाही. म्हणजे सोंग नव्हतं. काही आवाज त्याच्यासाठी जगातच नव्हते, आणि त्यांत तिचा आवाज होता.

हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं, पण आधी प्रश्नच सुचत गेले. कोणता आवाज नेमका कुठं संपतो? बासरीच्या वेळी त्याला काय दिसतं? पुढच्या रविवारी तिनं स्वतःहून लुगडं बदललं आणि त्याच्यासोबत निघाली. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चालीचा वेग कमी केला.

त्या दिवशी मंगोलियाचा गायक होता. भोपाळहून रायपूरला जाताना मुक्कामाला थांबलेला, निळ्या लांब झग्यातला धिप्पाड माणूस. हातात दोन तारांचं वाद्य, त्याच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं. कार्यक्रम घडवून आणणारी ऋता, संग्रहालयातलीच तरुण मुलगी, माइकवर म्हणाली, "हे एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन आवाज काढतात. नीट ऐका."

गायकानं श्वास घेतला. आधी छातीच्या तळातून एक घरघर निघाली, जात्यात जाडं भरडं दळावं तशी. आणि मग, तो गळा तसाच चालू असताना, त्या घरघरीच्या वर कुठूनतरी बारीक शिट्टी उमटली. ती वर गेली, वळली, पाखरासारखी हिंडायला लागली. लोक माना उंचावून बघत होते. पुष्पलतेच्या अंगावर काटा आला.

गाणं संपल्यावर तिनं भोजराजच्या दंडाला हात लावून वर बोट दाखवलं, ओठांचा चंबू केला. "शिट्टी?"

"कोणती शिट्टी?" तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "तो खालचा आवाज आयकला का तू? किती साफ होता. इथं लागत होता." त्यानं छातीवर पंजा ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरं तर खालचा आवाज तिनं धड ऐकलाच नव्हता, तिचा सगळा जीव शिट्टीत गेला होता. शेजारी बसून, एकाच माणसाच्या गळ्यातून, दोघांनी दोन वेगळी गाणी ऐकली होती.

लोक उठायला लागले तशी ती ऋताकडे गेली. "बाई, याहिले एक विचारता का? तो खालचा आवाज कसा काढते?"

ऋतानं इंग्रजीत विचारलं. गायक हसला. त्यानं आपला गळा दाखवून नकाराची मान हलवली, मग पोटावर हात ठेवला आणि हळूहळू काहीतरी सांगितलं.

"म्हणतात, काकू, जोर लावायचा नाही," ऋता म्हणाली. "लोक वर ढकलतात, म्हणून आवाज बारीक होतो. खाली सोडून द्यायचा. ओझं उतरवल्यासारखा."

पुष्पलतेनं तिथंच, हात तुटलेल्या एका मूर्तीच्या आडोशाला उभं राहून, करून पाहिलं. आधी नुसता खोकला आला. भोजराज जरा दूर, पाठ करून बूट घालत होता. तिनं खांदे सैल सोडले, पोटात श्वास भरला आणि तिला स्वतःलाच परक्या वाटणाऱ्या जाड आवाजात, सावकाश म्हटलं, "आज वरणात मीठ जास्त झालं होतं. काहून नाही सांगतलं?"

बुटाच्या लेसवर त्याची बोटं थांबली. तो वळला.

"सांगतलं असतं," तो म्हणाला, "त त्वा दुसऱ्या दिवशी बिनमिठाचं केलं असतं."

ती तोंडावर पदर धरून हसली. मग हसू थांबलं आणि डोळे भरून आले, तशी ती मूर्तीकडे तोंड करून उभी राहिली. लेस बांधून झाल्यावरही भोजराज तसाच वाकून बसून राहिला.

यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. घाईत तिचा आवाज वर जायचाच, आणि मग तो पुन्हा "काय?" म्हणायचा. संध्याकाळपर्यंत तिचा गळा दुखायचा. नूतननं फोनवर विचारलं, "आई, तुझी तबीयत खराब आहे का? आवाज बसला तुझा." "बसला नाही, मीच बसवला," असं पुष्पलतेनं सांगितलं, तेव्हा नूतनला काही उलगडलं नाही. पण घरातलं बोलणं चहा आणि गोळीच्या पुढं सरकलं. मिलमधल्या कोणत्या मालकाला तो घाबरायचा, हे तिला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

उन्हाळा लागायच्या आधी, या कार्यक्रमांच्या शेवटच्या रविवारी, बैहरकडच्या बैगा आदिवासी बायांचं गाणं होतं. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्या झुलत होत्या आणि मागं त्यांचा ढोल, मांदर, घुमत होता. गाता गाता त्या मूर्तींकडे बोट दाखवायच्या आणि आपसांत हसायच्या.

भोजराज मांदराच्या ठोक्यांबरोबर गुडघ्यावर बोटं वाजवत होता, पण त्याची नजर बायांवर होती. तो तिच्याकडे झुकला. "मांदर समजते. त्या बाया काय म्हणून राह्यल्या?"

"मले बी नाही समजत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्याहिची बोली वेगळी."

"तुले बी नाही?" त्याला ते फारच आवडलं. "मंग चाल, विचारू."

गाणं संपल्यावर दोघं पुढं गेले. सगळ्यात वयस्क बाईला पुष्पलतेनं हिंदीत विचारलं. बाई आधी लाजली, मग भरभर बोलत सुटली. हे गाणं आधीचं नव्हतं, इथं येऊन जोडलं होतं. दगडाचे देव इतकी वर्षं उभे आहेत, लोकांना खुर्च्या आणि देवांना काहीच नाही, कुणीतरी त्यांना म्हणा, बसा जरा, पाय दुखले असतील. सांगून झाल्यावर बाया हसल्या, ऋता हसली, आजूबाजूचे चार लोक हसले.

भोजराज एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. पुष्पलतेनं त्याच्या कानाशी जाऊन, श्वास पोटात सोडून, एकेक शब्द खाली ठेवत सगळं सांगितलं. तोवर बायांनी मांदर उचलून गाडीकडे चालायला सुरुवात केली होती. अंगण बरंचसं रिकामं झालं होतं. तेव्हा कुठं भोजराज हसायला लागला, एकटाच, मोठ्यानं. पुढं गेलेल्या बाया थांबल्या, आणि त्याच्याकडे बघून पुन्हा हसल्या.