पुस्तकवाल्या घरावर नजर

आश्रुबाच्या लेकीची पुस्तकं बीडहून नेकनूरमार्गे येणाऱ्या एसटीनं आली. मागं ठेवलेल्या त्यांच्या खोक्याच्या भारानं चढावर गाडीचं तोंड वर उचललं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू द्या. ड्रायव्हरनं चार माणसं बॉनेटवर बसवली, तेव्हा कुठं पुढची चाकं रस्त्याला टेकली. त्या चारांतला एक मी.

आश्रुबा मेंढरं राखतो आणि ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. पोरगी प्रियदर्शनी विद्यापीठात संशोधन करते. लढाया का होतात, समाज कसा बदलतो, असले तिचे विषय. सुट्टीत वाचायला तिनं पुस्तकं मागवलेली. खोकं फोडलं तेव्हा मी वट्यावरच होतो, तर ती एकेक पुस्तक मला दाखवायला लागली.

"आबा, ह्यात सीमेवरच्या सुरक्षेचं हाय, ह्यात निवडणुकांचं. आन् ह्या जाड्यात, सरकारं कशी पडतात ते."

हे मी पारावर जसंच्या तसं सांगितलं. मीठमसाला लावायची गरजच पडली नाही.

सरपंच अंगदराव चहा पिताना थांबले. त्यांना सदस्यांनीच निवडलेलं, म्हणजे सदस्यांनी अविश्वास ठराव आणला की खुर्ची गेली. तिचा त्यांना एवढा घोर, की उभं राहून भाषण करतानाही एक हात तिच्या पाठीवर असायचा.

"सरकारं? कुणाची?"

"जगातली, सगळ्यांची."

"मंग आश्रुबाच्या घरात कावून आलं ते?"

"पोरीचा अभ्यास हाय."

"मेंढरं राखणाऱ्याच्या घरात लढाईचा अभ्यास," अंगदराव म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांनी ओतून दिला.

ठरावाचा वास आला की सदस्यांना गाडीत घालून लांब न्यायचं, ही आमच्याकडची रीत. तिला सहल म्हणतात. कुणी फोनवरून फोडू नये म्हणून मोबाईल पिशवीत गोळा करायचे. अंगदरावांनी आश्रुबाला वगळून सगळ्यांना क्रूझरमध्ये भरलं आणि कोकणात समुद्राकाठी नेलं. जाताना मला म्हणाले, "आबा, त्या घरावर नजर ठेवा. पोरगी कोणतं पान वाचती तेबी बघा."

ठेवली. आश्रुबा सकाळी माळावर जायचा, सांजेला यायचा. पोरगी पेन्सिल घेऊन वाचायची. एकदा एका मेंढीनं जाड्या पुस्तकाची दोन पानं खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ती कळपाच्या पुढं चालायला लागली. एवढीच काय ती हालचाल.

तिकडचं मला पुढं सदस्य असलेल्या गीताबाईंनी सांगितलं. समुद्र एका दिवसात बघून झाला. हातात मोबाईल नाही. मग माणसं एकमेकांशी बोलायला लागली. एरवी मासिक बैठकीत हजेरीची सही केली की जो तो घरी जायचा.

शहादेव वाळूवर बसून म्हणाला, "मला सरपंच म्हणले, बाकीच्यांवर ध्यान ठेव, उपसरपंच करतो."

"मलाबी तेच म्हणले," गीताबाई म्हणाल्या.

नाथा म्हणाला, "मला तर तुमा दोघांवर ठेवाया सांगितलंय. उपसरपंचाच्या बोलीवर."

हनुमाननं हाताची वाळू झटकली. "उपसरपंच मी हाय की बे," तो म्हणाला.

परतीला सगळे सदस्य बीडलाच उतरले. बाजार करायचाय असं अंगदरावांना सांगितलं, आणि तहसील कार्यालयात जाऊन ठराव देऊन आले. तहसीलदाराची नोटीस आली तसे अंगदराव थेट माझ्याकडं.

"आश्रुबानं काय केलं?"

"मेंढरं चारली."

"खरं सांगा, आबा."

उभ्या जन्मात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

सभेच्या दिवशी मी पंचायतीच्या खिडकीत उभा. तहसीलदारानं ठरावाच्या बाजूचे हात मागितले. सहलीला गेलेले सगळे हात वर आले. मग विरोधातले. अंगदरावांनी आपला हात वर केला, आणि कोपऱ्यातून आश्रुबानंही.

"तू कावून रं?" हनुमाननं विचारलं.

"मला कुणी काय सांगितलंच न्हाई. निवडताना शब्द दिलता, तो हाय."

ठराव मंजूर झाला. अंगदराव खुर्चीवरून उठून खिडकीशी आले. सहलीतल्या कुणाकडं त्यांनी पाहिलंही नाही. नजर सारी आश्रुबावर.

"बघितलं का आबा," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आपल्याच बाजूनं हात वर केला त्यानं. लई खोल डाव हाय ह्या माणसाचा."