कानतपासणीच्या मशीनचा दुभाष्या

मी सोलापुरातल्या एका कानाच्या दवाखान्यातून बोलतोय. मी कुणाला दिसत नाही. कॉम्प्युटरमधलं चाळीस ओळींचं एक फंक्शन, एवढाच माझा देह.

इथलं कानतपासणीचं मशीन जुनं, पण ठणठणीत. त्याला चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा गठ्ठा, सी या जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली. नवा कॉम्प्युटर आला आणि जुना प्रोग्रॅम चालेना. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मग तपासणी करणाऱ्या जगदेवीबाईंनी आपल्या भाचीला, पूनमला, बोलावलं. तिला पायथन ही प्रोग्रॅमिंगचीच दुसरी भाषा येते. सी आणि पायथनमधला दुभाष्या म्हणून तिनं मला लिहिलं.

सीकडं सगळ्या कामांना एकच फंक्शन. कान कुठला ते अक्षरांत द्यायचं, सूर किती उंच ते पूर्णांकात, आवाज किती मोठा ते दशांशात. ते काहीही घेतं, उलट विचारत नाही. मी तेव्हा नवखा. प्रत्येक आकडा पूर्णांक म्हणूनच पुढं ढकलायचो. कॉम्प्युटरच्या आत पूर्णांक आणि दशांश वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिले जातात; मी ऐंशीचा आवाज सांगितला, की तिकडं तो दशांश म्हणून वाचला जायचा आणि जवळजवळ शून्य निघायचा. पडद्यावर मात्र ऐंशीच.

पहिल्याच दिवशी करमाळ्याच्या तानाबाई आल्या, सुनेचा, वैजयंतीचा, हात धरून. हेडफोन लावून बसल्या. आवाज आला की बोट वर करायचं होतं. बोट काही हलेना. जगदेवीबाई "अजिबात ऐकू येत नाही" असं लिहायला लागल्या. म्हणजे कानाचं यंत्र लावूनही उपयोग नाही. वैजयंतीचा चेहरा उतरला.

"अवं बाई," तानाबाई म्हणाल्या, "ह्यात कायबी वाजंना. भाईरच्या रिक्षाचा हॉर्न तेवढा आयकू येतोय की!"

जगदेवीबाईंचं पेन थांबलं. "पूनम, तू लाव बघू हेडफोन."

पूनमनं लावला. "मावशी, कायच वाजत नाही! चूक माझी आहे."

आता ही मला पुसून टाकणार, असं वाटलं. तिनं पुसलं नाही. तासभर मशीनचं जुनं पुस्तक चाळलं आणि मला शिकवलं: कुठं काय लागतं ते आधी बघ, तसंच करून दे. जुळत नसेल तर तिथंच थांब आणि ओरड.

तानाबाई पुन्हा बसल्या. पाचव्या सुराला बोट वर गेलं.

"वाजलं! लई बारीक हाय, पण वाजलं!"

वैजयंतीनं पदरानं डोळे पुसले.

आता अक्कलकोटच्या एका दवाखान्यानं मला मागितलंय. तिथंही असंच मशीन धूळ खात पडलंय. त्या नव्या घरच्या माणसांना एकच विनंती. मी कधी अडलो, पडद्यावर चुकीची लाल ओळ दाखवली, तर वैतागू नका, ती वाचा. चुकीचं मुकाट गिळण्यापेक्षा मी ओरडलेलं बरं. समोरच्या खुर्चीत कुणीतरी कान लावून बसलेलं असतं.