पहिला चीक

चाळीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं मोजली, पण घरात माझं कोणी ऐकेल तर शपथ! काल आमच्या सुनेला, हेमेंद्रच्या बायकोला गरिमाला, मुलगी झाली. आमची अख्खी वस्ती, शिंदे की छावनी, जिला मंदाताई म्हणते ती माझी बायको, मधाची बाटली आणि सोन्याची अंगठी घेऊन दवाखान्यात हजर झाली. घराण्याची रीत आहे ना! आईचं पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला अंगठीनं मध चाटवायचा.

"बाबा, नर्स बोलली शहद बिल्कुल नाही द्यायचा," गरिमा कुजबुजली. "पर आईंना समजावणार कोण?" तिचे डोळे भरून आले होते.

माझं डोकंच फिरलं. "मंदा, त्या पिवळ्या दुधात आईची प्रतिपिंडं विरघळलेली असतात. बाळाच्या आतड्यावर ती पहारा देतात, जंतूंना चिकटू देत नाहीत. ते फेकायचं?"

"तुमची विद्या लॅबमध्ये," म्हणत तिनं झाकण फिरवलं. नात भुकेनं किंचाळत होती.

रागातही माणसाला भूक लागतेच. मंदाच्या पिशवीत मला खरवसाचा डबा दिसला. किला गेटच्या दौलतसिंह गवळ्याची गाय व्यायली होती, त्यानं चीक आणून दिला होता.

"चीक घेताना दौलतसिंहाला काय विचारलंस?" मी म्हटलं.

"नेहमी विचारते तेच. बछड्यानं पोटभर प्यायला ना? त्याच्या तोंडचा काढून आणला असेल, तर मला नको."

"का बरं?"

"का म्हणजे? पहिला चीक मिळाला नाही तर वासरू धड जगतं का..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तिनं नातीकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे.

"हेमेंद्रच्या वेळी मी मोरीत ओतलं हो," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलं म्हणून."

मला तिची फार दया आली. तिनं झाकण घट्ट लावलं, गरिमाच्या पाठीशी उशी सारली आणि नातीला तिच्या कुशीत दिलं. "पाज गं. तिच्या हक्काचं आहे."

खोली एकदम शांत झाली. चुटुचुटु आवाज तेवढा येत होता. संधी साधून मी खरवसाचा डबा उघडला.

"खबरदार!" मंदानं माझा हात धरला. "आधी तिचं होऊ दे."