फक्त बोनेट पुसतात

जावयाने चारचौघांत सासऱ्याची लाज काढू नये, हे काय कोणी शिकवावं लागतं? पण औषधवाल्याला ते वेळेवर आठवलं नाही, आणि आठवलं तेव्हा जीभ पुढे धावून गेली होती.

औषधांचं दुकान चालवणारा हा माणूस गाडीच्या बाबतीत अगदीच ढ. पेट्रोल भरायचं आणि चालवायची, इथपर्यंत त्याची मजल. घरात सासरे होते, जन्म गॅरेजात काढलेले. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी जावयाच्या नव्या गाडीचं ऑइल ते स्वतः बदलायचे. "बाहेरच्याच्या हातात देऊ नका, जावईबापू," म्हणत गाडीखाली शिरायचे. बाहेर यायचे ते चेहऱ्यावर तेल आणि तोंडात गाणं घेऊन. एरवी दिवसभर खिडकीपाशी बसून असत.

मग वॉरंटीत असतानाच इंजिन भर रस्त्यात जाम झालं. कंपनीने हात वर केले. म्हणे, अनाडी माणसाने ऑइल बदललंय, सबब वॉरंटी रद्द. औषधवाला इरेला पेटला आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेला. तिथे वकील लागत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. मिस्त्री साक्षीला एका पायावर तयार. इस्त्रीचा शर्ट घातला, नखांतलं काळं ब्रशने घासून काढलं. "मला विचारू देत काय विचारायचं ते," म्हणाले.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी. कंपनीचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "यांच्या घरी एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना धड दिसत नाही. इंजिनाला हात त्यांचा लागलाय."

न्यायाधीशबाईंनी औषधवाल्याकडे पाहिलं. आता दावा गेला, असं त्याला वाटलं आणि त्याने कच खाल्ली.

"नाही, मॅडम. ऑइल मीच बदलतो, गाडीबरोबरचं पुस्तक बघून. आमचे सासरे फक्त बोनेट पुसतात. म्हातारं माणूस, तेवढाच जीव रमतो, म्हणून आम्ही पुसू देतो."

आता ते 'पुसू देतो' कशाला घालायचं होतं, सांगा बरं. खोटं बोललास ते बोललास, वर मीठमसाला कशाला?

बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "खरं आहे का, काका?"

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. गिऱ्हाइकाला कधी खोटं न सांगितलेला माणूस. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हो," म्हणाले. "मी फक्त पुसतो."

आणि खाली बसले.

बाईंनी इंजिनाच्या तपासणीचा अहवाल चाळला. "ऑइल कोणी घातलं याच्याशी मला कर्तव्य नाही. घरी बदलायला मनाई नाही. ऑइल योग्य होतं, फिल्टर नीट बसवलेला होता. दोष पिस्टनमध्ये होता, आणि तो कारखान्यातूनच आलाय. कंपनीने इंजिन बदलून द्यावं." मग औषधवाल्याकडे पाहून किंचित हसल्या. "काम मात्र छान करता तुम्ही. हात बसलेला दिसतो."

म्हणजे खरं बोलला असता तरी जिंकलाच असता. ती शाबासकी ज्याची, तो मागच्या बाकावर बसून ऐकत होता. औषधवाल्याला वाटलं, उठून सांगावं. पण आता सांगितलं तर दोघेही खोटे ठरणार.

बाहेर जिन्यात म्हणाला, "बाबा, चुकलं माझं."

"जिंकलात ना? मग झालं." मिस्त्री कठडा धरून एकेक पायरी उतरले. घरी लेकीलाही त्यांनी एवढंच सांगितलं, की जावई छान बोलले.

नवं इंजिन बसून गाडी आली. पुढे ऑइल बदलायची वेळ झाली तसा औषधवाल्याने डबा आणला, पाने मांडले आणि हाक मारली. मिस्त्री आले ते खांद्यावर फडकं टाकून.

"बाबा, ऑइल..."

"पुस्तक आहे ना तुमच्याकडे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

औषधवाला गाडीखाली शिरला. पाना हातात होता, पण नट कुठला आणि फिरवायचा कुठल्या बाजूला, काही कळेना. विचारायला तोंड नव्हतं. तो तसाच पडून राहिला. वर मिस्त्री सावकाश बोनेट पुसत होते.